अय्यूबाईची साक्ष

"'ती म्हणते' असं नको, बाई," न्यायाधीश साहेब म्हणाले. "साक्षीदार जे बोलेल ते तिच्या तोंडचं म्हणूनच आलं पाहिजे. ती 'मी' म्हणाली की तुम्हीही 'मी' म्हणायचं. लिहून घेणाऱ्याचा गोंधळ होतो."

मी मान हलवली. साक्षीच्या पिंजऱ्याला खेटून मी उभी होते. पिंजऱ्यात अय्यूबाई टेकाम होती. वय असेल बावीस-तेवीस. धुतलेलं लुगडं, डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर. तिला मराठी बाजारापुरती येत होती, मीठ किती आणि तेल किती एवढी. तिची भाषा कोलामी, आणि तालुक्याच्या त्या कोर्टात कोलामी आणि मराठी दोन्ही नीट येणारी, शिकली-सवरलेली अशी मी एकटीच सापडले होते.

"पुन्हा विचारा," साहेब म्हणाले.

मी विचारलं. ती बोलली. मी घसा साफ केला आणि भरल्या कोर्टात म्हणाले, "मी तेंदूपानांचे पुडे घेऊन फळीवर, पानं मोजून घेतात तिथे, शेवटी पोचले. बाकीच्या बाया निघून गेल्या होत्या. मुन्शी म्हणाला, पुडे आत खोलीत आणून टाक."

मागच्या बाकांवर चुळबुळ झाली. ते बाक एरवी रिकामे असायचे म्हणे. त्या दिवशी मी शिकवायचे त्या कॉलेजातली पोरंही दाराशी येऊन उभी होती. त्यांच्या कोत्तावार मॅडम कोर्टात काय काय सांगणार आहेत, याची वार्ता गावात आधीच पसरली होती.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. आमचं घर तेलुगू बोलणाऱ्या कोमट्यांचं. बाजारपेठेत वडिलांचं किराण्याचं दुकान. घरात तेलुगू, शाळेत मराठी, शेजारी हिंदी, आणि दुकानाच्या पायरीवर पोडावरून, म्हणजे त्यांच्या वस्तीवरून, येणाऱ्या कोलाम बायांची कोलामी. मला भाषा शिकाव्या लागल्याच नाहीत, त्या ताप-खोकल्यासारख्या लागल्या. पुढे भाषाशास्त्र शिकायला हैदराबादला एका संस्थेत गेले. कोलामीवर पीएच.डी. करणार होते. दोन वर्षं झाल्यावर टेपांची पेटी घेऊन परत आले आणि इथल्या कॉलेजात तासिकेवर शिकवायला लागले. का सोडलंस असं कुणी विचारलं की सांगायचे, विषय झेपला नाही. वडिलांनी एकदाच विचारलं होतं. त्यांनाही तेच सांगितलं. त्यानंतर दुकानात कुणी माझ्या शिक्षणाचं काढलं की ते तराजूकडे बघत राहायचे.

"मग?" सरकारी वकिलांनी विचारलं.

अय्यूबाईने सांगितलं. सरळ, खाली न बघता सांगितलं. लेकराला पाजताना बायका जो शब्द वापरतात तोच तिने वापरला. तिला त्यात लाजण्यासारखं काही वाटलं नसावं. आणि मी त्याचं मराठी केलं, "त्याने माझ्या अंगाला हात लावला."

आरोपीचे वकील बक्षी ताडकन उठले. बक्षी वकील गावातले मोठे. मुन्शी ज्याच्याकडे होता त्या तेंदू ठेकेदाराच्या सगळ्या कामांना तेच असत. त्यांनी अय्यूबाईकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "अंगाला म्हणजे कुठे हो? हात म्हणजेही अंगच. खांदा म्हणजेही अंगच. पुडे घेता-देता हाताला हात लागतो. तुम्ही बाजारात भाजी घेता तेव्हा लागत नाही का?"

मागे कुणीतरी हसलं.

"अंग म्हणजे नेमकं काय, ते साक्षीदाराने सांगावं," साहेब म्हणाले.

तिने कधीच सांगितलं होतं. अडत होतं ते माझं मराठी. मनात शब्द चाळून पाहिले. स्तन म्हटलं तर पुस्तकातलं वाटणार, ऊर म्हटलं तर गाण्यातलं. छाती तर बक्षी वकिलांनाही होती. तिने वापरलेल्या शब्दाला मराठीत एकच शब्द होता, आणि तो मी आयुष्यात मोठ्याने उच्चारला नव्हता.

त्याच वेळी दारातली पोरं बाजूला सरली आणि माझे वडील आत आले. नान्नांच्या हातात माझा जेवणाचा डबा होता. सकाळी घाईत मी तो विसरले होते. मागच्या बाकावर जागा मिळाली तशी ते टोपी काढून बसले.

"सांगता ना, मॅडम?" बक्षी म्हणाले.

"त्याने माझं थान धरलं," मी म्हणाले. "धरून पिळलं. दूध आलं. माझं लेकरू अंगावर पितं आहे."

मी नान्नांकडे पाहिलं नाही. कान इतके तापले होते की पुढचा प्रश्न वकिलांना दुसऱ्यांदा विचारावा लागला.

"तुम्ही ओरडला का नाहीत?" बक्षी वकील मलाच विचारत होते. आवाज एकदम मऊ होता. "फळीवर गडीमाणसं होती. जवळच गाडीवाले होते. एक हाक मारली असती तर दहा जण धावले असते. बाई ओरडत नाही तेव्हा काय समजायचं आम्ही?"

मी तो प्रश्न कोलामीत विचारला. अय्यूबाई तीनच शब्द बोलली आणि थांबली.

"माझा घसा कोरडा पडला," मी सांगितलं.

तिथे मी थांबायला हवं होतं. बक्षी माझ्याकडे बघत होते, सगळे माझ्याकडे बघत होते, आणि तोंड चालूच राहिलं.

"ओरडले असते तर लोक आले असते, आणि त्यांनी आधी मला पाहिलं असतं. त्याचं नाव मोठं. तो सगळ्यांदेखत म्हणायचा, मी हिला मुलीसारखी मानतो."

टाइपिस्टची बोटं चालत होती. बक्षी वकिलांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"नोंद घ्यावी, साहेब. मघाशी फिर्यादी म्हणाली, मुन्शीची आणि माझी ओळख नाही, त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. आता म्हणते, तो हिला मुलीसारखी मानायचा, आणि तेही चारचौघांत. म्हणजे ओळख होती, घरोबा होता. मग साहेब, यातलं खरं काय?"

सरकारी वकील कागद चाळायला लागले. पिंजऱ्यातून अय्यूबाईने माझ्याकडे पाहिलं. काय झालं ते तिला कळलं नव्हतं. काहीतरी बिघडलं आहे एवढं मात्र तिला कळलं होतं. समोरच्या बाकावर मुन्शी पुंजाराम पहिल्यांदाच पाठ टेकून बसला.

साहेबांनी काम दुसऱ्या दिवसावर ढकललं. मी वळून पाहिलं तेव्हा नान्ना नव्हते. बाकावर डबा तेवढा ठेवलेला होता.

मला वाटलं, तो शब्द ऐकून उठून गेले. लग्नाच्या वयाच्या लेकीच्या तोंडून, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर. कोर्टातून घरी जाताना मी बाजारपेठ टाळून मागच्या गल्लीने गेले. तिथेही पानठेल्यावरची बोलणी मी दिसताच थांबली. कुणीतरी घसा कोरडा पडल्यासारखा खाकरला आणि बाकीचे हसले. घरात शिरून मी अम्माशी न बोलता सरळ आतल्या खोलीत जाऊन बसले.

दिवेलागणीला नान्ना दुकान बंद करून आले. एरवी इतक्या लवकर ते कधी येत नसत. पाय धुतले, आत आले, आणि माझ्यासमोर जमिनीवरच बसले.

"जेवलीस?"

"भूक नाही."

थोडा वेळ ते पंच्याच्या टोकाने हात पुसत राहिले. कोरडेच हात.

"ती पोरगी म्हणाली, घसा कोरडा पडला," ते म्हणाले. आम्ही तेलुगूत बोलत होतो. "एवढंच म्हणाली."

मी गुडघे जवळ ओढून घेतले.

"मला लिहिता-वाचता येत नाही त्यांची भाषा. पण मीठ-तेल मोजता मोजता सारा जन्म ऐकली आहे. तुझ्या आधीपासून. पुढचं बोललीस ते तिचं नव्हतं."

"चुकलं माझं, नान्ना."

"शब्द चुकतो, बिड्डा. अख्खं बोलणं चुकून येत नाही." ते जवळ सरकले. "मुन्शीचं कसलं आलंय मोठं नाव? जंगलातला मुन्शी कुणाला मुलीसारखी मानतो?"

मी खाली बघत होते. फरशीवर एक मुंगी साखरेचा कण घेऊन चालली होती. मला आठवतं, ती भिंतीपर्यंत पोचेपर्यंत मी तिच्याकडेच पाहत होते.

"हैदराबादचं आहे?" नान्नांनी विचारलं.

मी मान हलवली.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. इंग्रजी धरून पाच भाषा येत होत्या, आणि पाचांपैकी एकीतही सांगितलं नव्हतं. टेप ऐकायच्या खोलीला खिडकी नव्हती. कानांवर हेडफोन असायचे, म्हणून मागून आलेलं पाऊल ऐकू यायचं नाही. ते माझे मार्गदर्शक होते. मोठं नाव. मरणाऱ्या भाषांवर ते व्याख्यान द्यायला लागले की ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येत. त्यांची बायको मला दिवाळीला साडी द्यायची. एकदा झालं, तेव्हा मला वाटलं, काही गैरसमज असेल. पुन्हा झालं, तेव्हा वाटलं, मीच काहीतरी केलं असेल. मग मी टेपांची पेटी उचलली आणि गाडीत बसले.

नान्ना मला रागावतील असं वाटलं होतं. मारलं असतं तरी बरं वाटलं असतं. ते उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. स्वयंपाकघरातून अम्माने हाक मारली, "काय चाललंय तिकडे?" "काही नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता.

मग भिंतीकडेच बघत म्हणाले, "उद्या जाऊन साहेबांना सांग. तुझं होतं ते तिच्या माथी नको."

"सगळ्यांसमोर?"

"तिने सगळ्यांसमोरच सांगितलं ना?"

दुसऱ्या दिवशी कोर्टात आदल्या दिवसाहूनही जास्त गर्दी होती. साहेब बसल्याबरोबर मी पुढे गेले.

"साहेब, काल मी सांगितलेलं सगळं साक्षीदाराचं नव्हतं. 'घसा कोरडा पडला' एवढंच तिचं. पुढचं तिचं नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "मग कुणाचं?"

"माझं."

"म्हणजे?"

"म्हणजे ती बोलली नाही. मी बोलले."

बक्षी वकील हात जोडून उठले. "साहेब, मॅडम कॉलेजात साहित्य शिकवतात. एखादी गोष्ट सुचली असेल उभ्या उभ्या."

सगळं कोर्ट हसलं. पोरं हसली, शिपाई हसला, टाइपिस्टनेही मान खाली घालून हसू दाबलं. मी तशीच उभी राहिले. आता कुणी 'का' म्हणून विचारलं तर काय करायचं, एवढाच विचार डोक्यात होता. कुणी विचारलं नाही. त्यांना वाटलं, ही मूर्ख आहे. मीही त्यांना तसंच वाटू दिलं. मूर्ख ठरणं त्यातल्या त्यात सोपं होतं.

साहेब मात्र हसले नव्हते. "शपथ घेतली होती तुम्ही. एका बाईच्या अब्रूचा मामला आहे, आणि तुम्ही तिच्या तोंडात आपली वाक्यं घालता? कालच्या साक्षीवर आता विश्वास कसा ठेवायचा? ती सगळी रद्द करावी लागेल. नवा दुभाषी आणून साक्ष पहिल्यापासून घ्यावी लागेल." मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "तिला सांगा."

मी पिंजऱ्याजवळ गेले आणि अय्यूबाईला तिच्या भाषेत सांगितलं, माझ्याकडून चूक झाली, तुला पुन्हा सांगावं लागेल.

"सगळं?" तिने विचारलं.

"सगळं."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागावली नाही की रडली नाही. तिचा नवरा बाहेर पिंपळाखाली बसून होता. तो दोन्ही दिवस आत आला नव्हता. तिने एकदा दाराबाहेर त्याच्याकडे पाहिलं आणि पदर पुन्हा डोक्यावर ओढून घेतला.

सरकारी वकील सांगत होते की नवा दुभाषी नागपूरकडून मागवायला तीन-चार महिने जातील. बक्षी म्हणाले, आमची काही हरकत नाही, सावकाश येऊ द्या. तेंदूचा हंगाम संपत आला होता. मुन्शी आपल्या मुलखाला निघून गेला असता, पोडावरची माणसं कापूस वेचणीला कुठल्या कुठे पांगली असती, आणि तारखा पडत राहिल्या असत्या.

"मला येते," मागून कुणीतरी म्हणालं.

नान्ना उभे होते. ते आलेले आहेत हे मला माहीतच नव्हतं. त्यांनी ठेवणीतला लांब कोट घातला होता. तो ते लग्नकार्यात घालत.

"कोण आपण?"

"नरसय्या कोत्तावार. किराण्याचा दुकान आहे. मला कोलामी येते, साहेब."

"या बाईंचे कोण?"

"बाप."

साहेबांनी बक्षी वकिलांकडे पाहिलं. बक्षी क्षणभर विचारात पडले. मग त्यांचा चेहरा खुलला. नान्ना गावातले मानाचे व्यापारी. ठेकेदाराचा सगळा शिधा आमच्याच दुकानातून जायचा. असा माणूस भरल्या कोर्टात आपल्या तोंडाने काय आणि किती सांगणार, याचा त्यांनी हिशेब केला असावा. "शेटजी सज्जन माणूस आहेत," ते म्हणाले. "आमची हरकत नाही."

मला बाकावर बसायला सांगितलं. माझ्या जागी नान्ना जाऊन उभे राहिले आणि त्यांनी शपथ घेतली. साहेबांनी त्यांनाही सांगितलं, ती 'मी' म्हणाली की तुम्ही 'मी' म्हणायचं.

नान्नांचं मराठी आयुष्यभर बाजारातलंच राहिलं. दुकान त्यांना 'तो' वाटायचं, तराजू 'ती' वाटायची, आणि गिऱ्हाइकं त्यांच्या बोलण्याची नक्कल करून हसायची. घरी आम्हीही हसायचो. आता अय्यूबाई बोलली, आणि पांढऱ्या मिशांचा तो साठीचा माणूस म्हणाला, "मी पुडे घेऊन शेवटी आले. बाकीच्या बाया गेल्या होत्या. मी एकटी राहिले."

'आले' ऐकून कुणीतरी फिस्सकन हसलं. नान्ना थांबले. हसणाऱ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. तो गप्प होईपर्यंत उभे राहिले आणि मग पुढे बोलले. "मी खोलीत गेले. त्याने दार लावलं. मी घाबरले."

ती बोलत होती आणि ते बोलत होते. त्यांनी एक शब्द गाळला नाही की एक घातला नाही. तो शब्द आला. मी दोन्ही हात मांडीवर आवळून बसले होते. नान्नांनी तो स्पष्ट उच्चारला, दुकानात मालाचं नाव सांगतात तसा. "त्याने माझं थान धरलं. पिळलं. दूध आलं." त्यांचा डावा हात कोटाचं बटण घट्ट धरून होता.

"तुम्ही ओरडला का नाहीत?" बक्षी वकिलांनी विचारलं. आज त्यांचा आवाज तितका मऊ नव्हता. नान्नांच्या डोळ्यांत बघून त्यांना तो प्रश्न विचारता आला नाही. त्यांनी तो हातातल्या फायलीकडे बघत विचारला.

नान्नांनी तो कोलामीत विचारला. अय्यूबाईने उत्तर दिलं.

"माझा घसा कोरडा पडला," नान्ना म्हणाले. आणि तिथे थांबले.

निकाल पावसाळ्यानंतर लागला. मुन्शीला सहा महिन्यांची सजा झाली. तो अपिलात गेला, पुढे त्याचं काय झालं ते आम्हाला कळलं नाही. ठेकेदाराने आमच्याकडून शिधा घेणं बंद केलं. मी नंतर दुसऱ्या विद्यापीठातून पीएच.डी. केली, कोलामीचा शब्दकोश केला, निवृत्त होईपर्यंत भाषांतर शिकवलं. वर्गात दरवर्षी हा खटला सांगायचे. 'एक दुभाषी होती, तिने आपलं वाक्य साक्षीदाराच्या तोंडी घातलं,' असा सांगायचे. पोरं विचारायची, मॅडम, तिने असं का केलं असेल? मी म्हणायचे, माहीत नाही. हैदराबादचे सर ऐंशी वर्षं जगले. त्यांच्या गौरवग्रंथासाठी लेख मागणारं पत्र मलाही आलं होतं. मी उत्तर दिलं नाही. त्याहून जास्त काही माझ्याने झालं नाही.

त्या दिवशी साक्ष संपल्यावर अय्यूबाई माझ्यासमोरून गेली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. बाहेर तिचा नवरा पिंपळाखालून उठला आणि ती दोघं पुढे-मागे पोडाच्या वाटेला लागली.

नान्ना कोर्टाच्या आवारातल्या हापशापाशी जाऊन उभे होते. मी गेले आणि दांडा मारायला लागले. त्यांनी ओंजळ धरली, चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं. पुन्हा ओंजळ धरली. कोटाच्या बाह्या भिजल्या तरी ते वाकूनच होते, पाणी तोंडावर मारतच होते.

"त्याचं नाव काय?" त्यांनी विचारलं. मान वर न करता.

मी सांगितलं. पहिल्यांदाच ते नाव माझ्या तोंडून 'सर' न जोडता निघालं.

नान्नांनी पुन्हा ओंजळ पुढे केली, आणि मी दांडा मारत राहिले.